पूर्ववत

मृण्मयीने लंडनहून आईची सतार दुरुस्तीला पाठवताना चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘रिन्यू नको, रिस्टोअर करा.’ मिरजेच्या दस्तगीरचाचांनी शब्दकोश चाळला. रिस्टोअर म्हणजे पूर्ववत करणे. मग त्यांनी दांडी घासून, पॉलिश चढवून सतार अगदी दुकानातून निघाली होती तशी केली.

न्यायला आलेल्या मृण्मयीने दांडीवरून हात फिरवला. “चाचा, आईच्या बोटांच्या खुणा गेल्या? तेवढ्याच उरल्या होत्या हो तिच्या.”

“चुकलो, बेटी,” एवढंच ते म्हणाले.

ती गेल्यावर रिकाम्या घरात मुलाचा फोन वाजला. “अब्बा, सोमवारी रंगारी पाठवतो. घर नवं करून टाकू.”

बीवी होती तेव्हा जिथे डोकं टेकून बसायची, तिथे भिंतीवर अजून तेलकट डाग होता. चाचांनी त्यावर तळवा ठेवला.

“नको पाठवूस, बेटा.”