रामीची चिठ्ठी

दिवाळीची सुट्टी सरली. विमलबाईंनी तांड्यावरची शाळा उघडली आणि हजेरीपटावर एकोणीस वेळा गैरहजर लिहिलं. दुसरं लिहिणार तरी काय? आईबाप ऊसतोडीला निघाले की पोरंही गाडीत बसायची. परतायची थेट उन्हाळ्यात, अन् शिकलेलं सगळं तिकडं उसाच्या फडात सांडून यायची. दर साली हेच. पुन्हा आपलं 'अ'पासून!

म्हणून यंदा सुट्टीआधी बाईंनी खेळ काढला होता. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक शब्द. वाचायचा, धावत जाऊन त्या वस्तूवर चिठ्ठी ठेवायची. जागा बरोबर असली की चिठ्ठी तुझी. घरात बंजारी बोलणारी पोरं मराठी शब्दांवर अशी तुटून पडली की बाईंना आवरेनात. अडली ती एकटी रामी. हातात 'घर' घेऊन ती भिंतीशी गेली, दाराशी गेली, अन् परत आली.

"बाई, ही तं भीत हाय. ते दार हाय. मंग घर कुठी हाय?"

पोरं खो खो हसली. बाईही हसल्या. ते हसणं त्यांना मागून चांगलंच खुपलं.

"जाताना चिठ्ठ्या डब्यात ठेवून जा, हरवू नका," असं त्यांनी दहादा बजावलं होतं. आता डबा उघडला तर रिकामा. एक चिठ्ठी नाही! गेल्या असतील फडावरच्या चुलीत. बाईंना रडूच यायचं बाकी राहिलं. शाळेत बसून भिंतींना किती शिकवायचं? त्या उठल्या आणि तांड्यात गेल्या.

घरोघरी कुलपं. पण पहिल्याच दारावर बाभळीच्या डिंकानं चिकटवलेली चिठ्ठी होती: 'दार'. पुढच्या ओसरीत जात्यावर 'जातं'. अंगणात चुलीवर 'चूल', लिंबाच्या खोडावर 'झाड'. गाडीत नेता येईना ते सगळं पोरांनी नावासकट मागं ठेवलं होतं. बाई वर्गात वाचत तशा एकेक शब्द मोठ्यानं वाचत चालल्या. मागून म्हणणारं कोणी नव्हतं.

"कोन हाय?"

शेवटच्या झोपडीपुढं रामीची आजी हिरीबाई उन्हात बसली होती. गाडीचे दचके सोसत नाहीत म्हणून तिला मागं ठेवलेलं.

"मी, शाळेची बाई."

"ये व माय. मानसाचा आवाज आयकून किती दिस झाले."

तिच्या ओढणीला खांद्यावर पुठ्ठ्याची चिठ्ठी शिवलेली होती. हात लावून लावून कडा मळल्या होत्या.

"जाताना रामीनं शिवली. म्या म्हटलं, कायले शिवून राह्यली व? तं नुसती रडूनच राह्यली. काय लिवलं हाय, बाई? मले वाचून कोन सांगते इथं?"

बाई वाकल्या. अक्षर त्यांचंच होतं.

"घर," त्या म्हणाल्या.

"मी घर?" म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "चुकली वाटते पोट्टी. काढू काय?"

"नको, आजी," बाईंनी तिला थांबवलं. "बरोबर लावली तिनं. चिठ्ठी तिचीच झाली. ती येईपर्यंत जप."

हिरीबाईनं चिठ्ठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "अजून एक डाव वाच ना, माय."

"घर," बाईंनी वाचलं.

"घर," हिरीबाई मागून म्हणाली.