कोरडा जोड

शनिवारी दुपारी मी आणि थिआ बर्फ तुडवत गावच्या वाचनालयात आलो. दारातल्या रबरी चटईवर बूट काढले आणि कपाटांमागे बसून रहस्यकथांचं पुस्तक उघडलं. चोर आपणच ओळखायचा. उत्तर शेवटच्या पानावर उलटं छापलेलं.

चित्रात चार संशयितांचे चार जोड बूट होते आणि चौघंही म्हणत होते, "आत्ताच बाहेरून आलो."

"सापडला!" थिआ ओरडली. "तीन जोडांखाली पाणी साचलंय, चौथा कोरडा! तो आधीपासून आतच होता!"

पुस्तक फिरवलं. बरोबर! पहिल्यांदाच, उत्तर न बघता!

वाचनालयाच्या लिंडक्विस्टबाई पायऱ्यांवरचा बर्फ काढून आत येत होत्या. त्यांना सांगायला आम्ही दाराकडे धावलो. चटईवर आमचे बूट गळत होते, आता बाईंचेही. शेजारी एक लहान लाल जोड होता. कोरडा.

"हे कुणाचे हो, बाई?"

"आज तुम्ही दोघीच तर आलात."

"आपली स्वतःची केस!" थिआ नाचली आणि पुस्तक आणायला कपाटांमागे पळाली.

मी वाकून लाल बुटात हात घातला. बाई शेजारीच उभ्या होत्या. बूट आतून ऊबदार होता.

तेवढ्यात कपाटांमागून थिआ खिदळली, "अगं आगाऊ, पान नको ना उलटूस! आधी मला ओळखू दे!"