मानाची खुर्ची

"सूनबाई, भिऊ नका. काय झालं ते सगळ्यांसमोर सांगा," नानासाहेब म्हणाले.

सिडकोतल्या त्या घरात बैठक बसली होती. नानासाहेब म्हणजे बद्रीनाथचे चुलते, कन्नडहून मुद्दाम आलेले. बद्रीनाथ घरातल्या एकुलत्या एक खुर्चीत. सोयगावचे त्याचे सासरे तात्यासाहेब खाली सतरंजीवर. खुर्ची त्यांनीच पुढं सरकवली होती. "जावईबापू, तुम्ही वर बसा. आम्हाला खालीच बरं." मुलीच्या बापानं जावयाच्या बरोबरीनं बसायचं नसतं म्हणे.

आशा दाराशी उभी होती. डाव्या हाताला कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. बापाबरोबर सोयगावला जायचं की इथंच नांदायचं, ते आज ठरायचं होतं. तिला बस म्हणायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

"शाळेत पालकसभा होती, उशीर झाला," ती म्हणाली. "घरी आले तर हे दारातच उभे होते. ह्यांनी हात पिरगाळला. हाड वाजलं, तरी ह्यांनी सोडला नाही."

नानासाहेबांचा चेहरा खुलला.

"ऐकलं का तात्यासाहेब? एवढं होऊनही पोर नवऱ्याला 'हे' म्हणती, 'ह्यांनी' म्हणती. मनातून उतरला असता तर असं मानानं बोलली असती का? लई काही मोडलं नाय. जुळंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सासू द्वारकाबाई चहा टाकायला उठल्याही. आशाच्या मस्तकात तिडीक गेली.

"नाना, मी तिसरीला इंग्रजी शिकवते. मागं वर्गात He शिकवत होते. राजालाही He, शिपायालाही He. एका मुलीनं विचारलं, टीचर, पप्पांना पण He आणि चोराला पण He? मग चांगला कोण ते कळायचं कसं? मी सांगितलं, तो काय करतो, त्यावरून."

"इथं इंग्रजीचं काय काम?" नानासाहेब वैतागले.

"बरं, मराठीत सांगते." तिनं सरळ बद्रीनाथकडं पाहिलं. "तो मारतो. लग्न झाल्यापासून तो मारतो. ह्या वेळी त्यानं हात मोडला."

आता मात्र बैठक पेटली. हाड मोडल्याचं ऐकून ज्यांच्या कपाळावर साधी आठी पडली नव्हती, ते सगळे ताडकन ताठ झाले.

"नवऱ्याला तो?" द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या दारातूनच किंचाळल्या. "अगं, जीभ कशी रेटली तुझी?"

"बापानं वळणच लावलं नाय!" नानासाहेब ओरडले. "मास्तरीण झाली म्हणून नवऱ्याला अरे-तुरे करती व्हय? तात्यासाहेब, आधी हिला माफी मागायला लावा. बाकीचं मागून."

 बद्रीनाथ खुर्चीत आणखी रेलून बसला. "बघितलं ना आता? मी रोज काय सोसतो ते."

धन्य ती बैठक! बाईच्या हाडाला किंमत नाही, आणि नवऱ्याच्या मानाला एका शब्दानं तडा गेला.

तात्यासाहेब गुडघ्यावर हात टेकून उठले. पोरीला झापणार, असंच सगळ्यांना वाटलं. आशालाही वाटलं. ह्या जावयाशी ते आजवर कधी मान वर करून बोलले नव्हते. चार पावलं चालून ते खुर्चीपुढं उभे राहिले.

"ऊठ रे," ते म्हणाले. "माझ्या पोरीला बसू दे."