दुसरं नाव

जर्मनीतल्या गुटर्सलोहच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं पाणी निवत चाललं, तरी धर्मगुरू हटून बसले होते. “अशूर हे जुन्या मूर्तीचं नाव. ख्रिस्ती नाव सांग.”

“आपण असिरियन. आपल्या लोकांचं नावच त्यावरून पडलंय!” बाळाचा बाप निनोस धुमसत म्हणाला.

तेवढ्यात निनोसची आई पुढे झाली. धर्मगुरूंचा शब्द तिनं आजवर कधी खाली पडू दिला नव्हता.

तिनं त्यांच्या हातातलं उघडं बाळ काढून घेतलं, शालीत गुंडाळलं.

“अबूना,” ती धर्मगुरूंना म्हणाली, “तुर्कस्तानात मी या माझ्या मुलाच्या जन्माची नोंद करायला गेले, तेव्हा कचेरीतला साहेबही हेच म्हणाला होता. हे तुर्की नाव नाही, दुसरं नाव सांग. म्हणून हा घरात निनोस आणि पासपोर्टवर ओरहान. तेव्हा मी घाबरले होते.”