पसाभर ज्वारीचं गाणं

“फिर आया देख,” हैदर म्हणाला आणि त्यानं हेडफोन सांडूच्या कानांवर चढवला.

गिटार वाजली, मागून ड्रम आले, मग सांडूचा खरखरीत आवाज. ध्रुवपद संपलं आणि तिथं तो होता. बारीक, ओला, दूध पिऊन दमलेल्या तान्ह्या लेकराचा हुंकार. मग काही झालंच नाही अशा थाटात गाणं पुढं गेलं.

चार दिवस हेच चाललं होतं. माइक बदलून झाला, वायरी बदलून झाल्या, खालच्या मजल्यावर कुणाकडं बाळ आहे का तेही विचारून झालं. शहरातल्या पुंडलिकनगरात, हैदरच्या घरातल्या या खोलीच्या भिंतींना त्यानं जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा आत यायचा नाही.

आणि शनिवारी पाचच्या आत गाणं पुण्याला पाठवायचं होतं. निवड झाली तर मोठ्या महोत्सवाचा मंच. नाही तर पुन्हा इथल्याच कॅनॉट बाजारातल्या कॅफेत कॉफी पिणाऱ्यांच्या पाठींना गाणी ऐकवायची. दोन वर्षं तेच करून सांडूला वीट आला होता.

“तेरा नाम बदला, तबसे होरा ये,” हैदर म्हणाला.

सांडूनं पोस्टरवर ‘सार्थक’ छापलं होतं. हातात इलेक्ट्रिक गिटार आणि नाव सांडू? लोक फिदीफिदी हसले असते. पण ते नाव उगाच ठेवलेलं नव्हतं. त्याच्या आधीचे चार भाऊ पाळण्यातच गेले. मग आईनं माहेरी, बिडकीनला, लेकरू सुपात घालून शेजारणीला विकलं, पसाभर ज्वारीला, आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच ज्वारी देऊन परत आणलं. नाव ठेवलं सांडू. टाकून दिलेलं, कुणी न्यावं असं त्यात काही नाही, म्हणजे मरण ढुंकूनही बघणार नाही. देवगाव रंगारीच्या भावकीत ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आई आवडाबाई मात्र गोष्ट निघाली की उठून चुलीकडं जायची.

ती शेजारीण म्हणजे हैदरची आई, जोहरा; पुढं ती शहरात राहायला आली. हैदर सांडूपेक्षा वर्षानं मोठा. “अम्मीने तेरे को लिया था, तो वापिस काहे को दी?” तो सांडूला नेहमी चिडवायचा.

या गोष्टीचंच सांडूनं गाणं केलं होतं. तो ओरडून विचारायचा, “पसाभर ज्वारीचं लेकरू कुठं?” आणि मागून हैदर उत्तर द्यायचा, “इथं, इथं!” हुंकार यायचा तो त्याच्या लगेच पुढं.

पहिल्या दिवशी जोहराखाला चहा घेऊन आत आली होती. ते ‘इथं, इथं’ ऐकून तिनं चहा तसाच खाली ठेवला. “ये गाना अच्छा नै, बेटा. दुसरा गाओ,” एवढंच म्हणाली.

हैदरनं आज हुंकाराचा तुकडा हळू करून लावला. कान देऊन ऐकलं. त्याचे डोळे तापल्यासारखे लाल दिसत होते.

“एक नै है. तीन हैं.”

सांडूनं ऐकलं. तीनच होते, एकात एक मिसळलेले.

“माझे तर चार गेले,” तो म्हणाला. हसायला गेला, पण हसू आलं नाही. त्याला खरंच भीती वाटली.

संध्याकाळी त्यानं आईला फोन केला. आवडाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“नाव परत लाव,” ती म्हणाली. “सांडूच म्हणून घे. लोक हासले तं हासू दे. आन् हैदर जेवतो ना येळंवर?”

हे तिचं नेहमीचं. महिन्याला ती शहरात यायची, बाजरीचं पीठ, शेंगदाण्याचे लाडू घेऊन. पण हैदरच्या घराची पायरी कधी चढली नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी उभी राहायची, पदरानं तोंड पुसायची आणि सांडूच्या हातात दोन डबे द्यायची. मोठा हैदरचा. जुनी माणसं, त्यांचं सोवळं असायचंच, असं म्हणून सांडूनं तो विषय सोडून दिला होता. मनातून त्याला लाज वाटायची.

त्यानं पोस्टर काढून टाकलं. गाण्यावर नाव घातलं: सांडू.

शनिवारी सकाळी हैदर उठलाच नाही. अंग तव्यासारखं तापलेलं. जोहराखाला त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सांडूनं एकट्यानंच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, हैदरच्या ओळीसकट. मग दार लावून ऐकलं.

काही नव्हतं. स्वच्छ.

पाचला दहा मिनिटं असताना गाणं पुण्याला गेलं. सांडूला नाचावंसं वाटत होतं. त्यानं आईला फोन लावला.

“आई, आवाज गेला! नाव लावलं आन् गेला बघ.”

“बरं झालं रं माझ्या राजा. हैदर खूश आसंल.”

“तो नव्हताच आज. लई ताप आलाय त्याला. त्याची ओळ बी मीच म्हणलो.”

“त्याची कोणती वळ?”

“आगं, मी इचारतो लेकरू कुठं, आन् तो म्हणतो, इथं, इथं.”

पलीकडं भांडी वाजली; आई उठून चुलीकडं गेली असावी.

“आई?”

“किती येळा म्हणला त्यो?”

“चार दिवस म्हणतच व्हता की. का?”

“जोहराला म्हणावं, त्याला मांडीवरून खाली ठिवू नको. मी निघाले.”

“तू? हितं, घरात?” सांडूला काही कळेना. “आगं, इकलेलं लेकरू मी. मला काय बी झालं नाय.”

“तुला कवा इकलं मी?” आवडाबाईचा आवाज फुटला. “ज्याला इकलं, त्याला परत आणायची छाती झाली नाय माझी. भावकीला सांगितलं, गेला म्हणून, आन् इकल्याची गोष्ट तुझ्या नावावर घातली. चार नाय रं सांडू, तुझ्या आधीचे तीनच गेलेत.”