पंचवीस अंशांची थाप

“पंच्याण्णव!” सौनाच्या तापलेल्या लाकडी खोलीत वरच्या फळीवरून तैस्तो ओरडला. “अठ्ठ्याहत्तरावं लागलंय मला, आणि बघ, पंच्याण्णव! कळव तुझ्या त्या डॉक्टरला.”

“कळवते हं,” खालच्या फळीवरून त्याची बायको इर्मेली म्हणाली आणि तिनं हसू दाबलं.

आत सत्तर अंश होते.

मार्चमध्ये तैस्तोला हृदयविकाराचा झटका आला होता. सत्तरच्या वर जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. “सत्तरात बटाटासुद्धा शिजत नाही!” म्हणत तो घरी येताच सौनाच्या चुलीत लाकडं कोंबू लागला.

इर्मेली रागावली, रडली. उपयोग शून्य. मग तिनं डोकं चालवलं. पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं तिनं. भिंतीवरचा जुना तापमापक एके दिवशी ‘चुकून’ फुटला. तिनं छताखाली उष्णता मोजणारी थर्मोकपलची तार बसवली, बाहेर एका डबीतल्या बोटभर मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे चिमुकल्या संगणकाला, जोडली. दाराच्या काचेतून डबीवरचे तांबडे आकडे आतूनही दिसत.

चाळीसपर्यंत डबी खरं बोलायची. पुढे हळूहळू थापा मारायची. खरे सत्तर झाले की पंच्याण्णव दाखवायची, आणि तैस्तो खुशीत लाकडं घालणं थांबवायचा.

एरवी इर्मेली सगळ्यांचं आटोपल्यावर, सौना निवल्यावर एकटीच जायची. आता नजर ठेवायला म्हणून ती त्याच्याबरोबर बसू लागली. दोघं तासभर गप्पा ठोकायची.

शनिवारी शेजारचा आर्मास सौनाला आला. आर्मास म्हणजे उष्णतेतला दर्दी. त्याला कोण फसवणार?

तो फळीवर चढला. खांद्यावरून हात फिरवला. कोरडा, घामाचा थेंब नाही! त्यानं काचेतून आकडा पाहिला.

तैस्तोनं तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं. “काय रे, झेपत नाही वाटतं?”

आर्मासनं कपाळ पुसलं. “भाजून निघालो रे बाबा! तुझ्यापुढे हात टेकले.”

नंतर तैस्तो अंगणात सॉसेज भाजत बसला. आर्मास तळ्याच्या धक्क्यावर वारा खात उभा होता. इर्मेली हळूच त्याच्यापाशी गेली.

“तुला कळलं ना?”

“न कळायला मी काय उन्हाळ्यापुरता आलेला शहरी पाहुणा आहे?”

“गप्प बसलास, उपकार झाले. त्याला कळलं तर पुन्हा लाकडं कोंबेल. जिवाशी खेळ नको.”

आर्मास खो-खो हसत सुटला.

“अगं, त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलंय! मघाशी मला दारातच दम दिला, ‘आकड्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच बायको माझ्याबरोबर सौनात बसतेय.’”