मांजराची तक्रार

"मावशी, हे कपाट जरा सरकवता का?" मोजणी साहेबांनी हातातली फीत सैल सोडत विचारलं. "भिंतीपर्यंत माप घ्यायचंय."

"हलायचं नाही ते," शिवणबाई म्हणाल्या. "तीस वर्षांच्या चिंध्या भरल्यात त्यात. बाहेरून मोजा ना."

साहेब बाहेर गेले, मोजून आले, घाम पुसत स्टुलावर बसले.

त्या वस्तीत तेव्हा सगळीच घरं पत्र्याची होती. माणसं कामसू होती, शिवणबाईंच्या मशीनला तर दिवसभर उसंत नसायची. पण जागा कुणाच्याच नावावर नव्हती. उद्या कुणी उठा म्हणालं तर विटा काय डोक्यावर घेऊन जायच्या? म्हणून कुणी वीट रचली नाही, कुणी अंगणात साधं झाड लावलं नाही.

आता कायदा बदलला होता. तीस वर्षं राहत असल्याचे शिक्क्याचे कागद दाखवायचे, हद्दीवर शेजाऱ्याची सही घ्यायची, की घर आपलं. पण शिक्क्याचा कागद होता कुणाकडे? जागेचा अर्ज घेऊन गेलं की ऑफिस तो हातातसुद्धा धरत नसे.

"तुमच्याकडे आहे काही?"

शिवणबाईंनी फडक्यात बांधलेला गठ्ठा पुढे केला. साहेब एकेक कागद उलटू लागले. सगळ्या नोटिसा. तक्रार करणारी एकच, पलीकडच्या घरातली इस्त्रीबाई. पहिल्या वर्षी मशीनचा खडखडाट. मग सांडपाणी. मग मांजर दूध पितं. मांजर धुतलेल्या कपड्यांवर लोळतं. मांजर रडून झोपू देत नाही. तीस वर्षं, तीस नोटिसा. प्रत्येकीवर घराचा क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का.

साहेबांना हसू आवरेना. "तक्रार आली की ऑफिसला शिक्का मारावाच लागतो. तुमच्या शेजारणीनं दावा साधता साधता तुमचं भलंच केलं की! आणि ते मांजर कुठंय?"

"भटकत असेल कुठंतरी. शेजारणीसमोर हे भल्याचं बोलू नका हं, झोप उडेल तिची."

दोरीवरच्या कडक इस्त्रीच्या झग्यांखालून वाकत साहेब दाराशी गेले. "पण तिनं सही नाकारली तर हे सगळं वाया जाईल."

शिवणबाईंनी गठ्ठ्याची गाठ पुन्हा बांधली. पुन्हा सोडली.

साहेबांचा निरोप गेला आणि इस्त्रीबाई आल्या त्या कमरेवर हात ठेवूनच.

"हिच्या कागदावर मी सही करू? हिच्या घराची सावली रोज माझ्या अंगणात पडते!"

"सावलीची तक्रार तेवढी राहिली होती," शिवणबाई म्हणाल्या.

"करीन की. हात अजून धड आहेत माझे."

"अहो, भांडता काय!" साहेबांनी हात जोडले. "तुमच्याही घराला यांची सही लागणारच आहे. तुमच्याकडे कागद आहेत का?"

इस्त्रीबाईंनी बगलेतली पिशवी टेबलावर आपटली. आतून तीस नोटिसा निघाल्या. तक्रार करणारी शिवणबाई. कोळशाचा धूर, उडणाऱ्या ठिणग्या, पुन्हा धूर.

साहेबांनी दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी लावून ठेवले. मग त्यांनी पेन पुढे केलं. दोघींनी एकमेकींकडे न बघता सह्या केल्या.

"वस्तीत पूर्ण कागद निघाले ते तुम्हा दोघींचेच," साहेब म्हणाले. "आता तुम्ही मालकिणी. बाकीच्यांना आता शिक्क्याच्या कागदाऐवजी साक्षीला तुमची सही चालेल. त्यांचीही घरं मार्गी लागतील. पण आता तरी गोडीनं राहा."

"जमायचं नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.

साहेब हसत हसत गेले. इस्त्रीबाई तरातरा आपल्या घरी गेल्या. शिवणबाईंनी दार लावलं, कडी घातली आणि कपाटाला एका हातानं ढकललं. ते आवाज न करता सरकलं. मागं पत्रा कापून केलेली माणूसभर उंचीची वाट होती, आणि पलीकडे इस्त्रीबाई दोन कपांत चहा ओतत होत्या.

"सावलीचं काय सुचलं गं तुला!"

"तू हसशील म्हणून जीव मुठीत धरून उभी होते मी. बस, गार होईल."

शिवणबाई नेहमीच्या पाटावर टेकल्या. "विटांची भिंत घातली की इथं चांगलं लाकडी दार बसवू."

"बसवू," इस्त्रीबाईंनी कप पुढे सरकवला. "आणि आता खरंच एक मांजर पाळू या."